निघालेल्यांची पुस्तकं, राहिलेल्यांची पुस्तकं

रमजान संपल्यापासून या दोन-अडीच महिन्यांत मी पाच पुस्तकं वाचून काढली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन', मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे', मुहम्मद असद यांचं 'द रोड टू मक्का' आणि इमाम गझालींचं 'अल-मुन्किझ मिन अद्-दलाल' हे छोटंसं आत्मवृत्त, इंग्रजी भाषांतरातून. यातली दोन कॉलेजात असताना वाचली होती, पण ती परीक्षेपुरती. एकापाठोपाठ एक अशी कधी वाचली नव्हती. तशी वाचल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली, ती इथं मांडते.

पाचही पुस्तकांत कुणीतरी आपला धर्म, किंवा धर्माशी असलेलं आपलं नातं, मुळापासून बदलतं. नाशिककडचा ब्राह्मण कवी ख्रिस्ती होतो. गोव्यातला एक तरुण बुद्धाच्या शोधात घर सोडतो आणि सिलोनमध्ये जाऊन दीक्षा घेतो. ज्यू धर्मगुरूचा नातू मुसलमान होतो. चिपळूणजवळच्या मुसलमान घरातला मुलगा धर्माच्या चौकटीबाहेर पडून आपल्याच समाजाला प्रश्न विचारू लागतो. आणि बगदादच्या सर्वांत नामवंत मदरशातला आलिम, आपल्याला खरंच काही कळलंय का, या प्रश्नानं अंथरूण धरतो.

पण पाचांपैकी तीन पुस्तकं निघून गेलेल्यांनी लिहिली आहेत आणि दोन घरात राहिलेल्या बायकांनी. निघून गेलेल्यांच्या पुस्तकांतून श्रद्धा म्हणजे काय हे समजतं. ती श्रद्धा घरात आली की चूल, मुलं, सासर-माहेर, दूधवाला, शेजारीण यांचं काय होतं, हे मात्र राहिलेल्याच सांगतात. आणि माझ्या मते धर्माची खरी परीक्षा तिथंच होते.

आधी निघालेल्यांबद्दल.

गझाली १०५८ साली खुरासानातल्या तूस गावी जन्मले. १०९१ मध्ये, वयाच्या तिशीतच, त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात शिकवण्याची जागा मिळाली. शेकडो विद्यार्थी, दरबारात मान, चहूकडं नाव. चार वर्षांनी एक दिवस शिकवायला बसले आणि तोंडातून शब्द फुटेना. घास घशाखाली उतरेना. हकिमांनी हात टेकले. दुखणं मनाचं आहे, म्हणाले. गझाली स्वतः लिहितात की, आपण शिकवत होतो ते अल्लाहसाठी नव्हतंच, नावासाठी आणि मानासाठी होतं, हे आपल्याला दिसू लागलं होतं. हजला जातो असं सांगून ते १०९५ मध्ये बगदादमधून बाहेर पडले आणि दमास्कसला गेले. पुढं दहा-अकरा वर्षं त्यांनी एकांतात, इबादतीत काढली.

आमच्या समाजात गझालींचं नाव 'हुज्जतुल इस्लाम' म्हणून घेतलं जातं, म्हणजे इस्लामचा पुरावाच. ज्याला आपण पुरावा म्हणतो त्याला एके काळी स्वतःच्या बुद्धीवर, डोळ्यांवर, शिकलेल्या सगळ्यावर शंका आली होती आणि ती त्यानं लिहून ठेवली, हे किती जणांना माहीत असतं? शंका विचारणाऱ्या पोराला 'तौबा कर' म्हणून गप्प करणाऱ्यांनी हे शंभरेक पानांचं पुस्तक एकदा जरूर वाचावं.

पण घर? मुलाबाळांच्या पोटापुरतं बाजूला ठेवून बाकीचं वाटून टाकलं, असं गझाली सांगतात. पुढं मुलांच्या हाकेनं आपल्याला परत मुलखाकडं ओढलं, हेही सांगतात. एवढंच. मधल्या वर्षांत त्या मुलांना कुणी वाढवलं, बाप कधी येणार याचं उत्तर कुणी दिलं, याबद्दल काही नाही. नऊशे वर्षांपूर्वीच्या आलिमानं ते लिहावं अशी अपेक्षा मी करत नाही. फक्त ती जागा रिकामी आहे, एवढं नोंदवते.

मुहम्मद असद म्हणजे मूळचे लिओपोल्ड वाइस. जन्म १९०० सालचा, आज युक्रेनमध्ये असलेल्या लेंबर्ग शहरातला. पत्रकार म्हणून अरबस्तानाच्या बाजूला फिरले, तिथली माणसं त्यांना आवडली. १९२६ मध्ये बर्लिनच्या भुयारी रेल्वेत बायको एल्साबरोबर बसले असताना समोरच्या खात्यापित्या, नीटनेटक्या माणसांच्या चेहऱ्यांवर त्यांना कसलं तरी खोल दुःख दिसलं. घरी येऊन पाहतात तर टेबलावर कुराण उघडं होतं, आणि उघडी होती ती सूरह अत्-तकासुर, हावरेपणानं जास्तीत जास्त गोळा करत राहणाऱ्या माणसाबद्दलची. त्यानंतर ते मुसलमान झाले. एल्साही झाली. वडिलांनी कित्येक वर्षं पत्रव्यवहार तोडला. १९२७ मध्ये नवरा-बायको हजला गेले आणि तिथं पोचल्यावर थोड्याच दिवसांत एल्सा मक्केतच वारली.

असद यांचं पुस्तक फार सुंदर आहे. वाळवंट, उंट, रात्री, सोबती, सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. एल्साबद्दल त्यांनी मायेनं लिहिलं आहे. तरी वाचताना मला वाटत राहिलं की हे तिच्याकडूनही ऐकायला हवं होतं. चित्रकार बाई. वयानं नवऱ्यापेक्षा बरीच मोठी. पहिल्या लग्नाचा लहान मुलगा सोबत. आपलं शहर, आपली माणसं सोडून ती कशाच्या जोरावर निघाली? नवऱ्याच्या प्रेमापोटी, की तिलाही रेल्वेतले ते चेहरे तसेच दिसले होते? ती राहिली असती तर कदाचित सांगितलं असतं.

कोसंबींचं 'निवेदन' आपल्या भाषेतलं. १८७६ साली साखवाळला जन्मलेला, फारसं शाळेचं शिक्षण न मिळालेला हा माणूस नारळाच्या बागा सांभाळता सांभाळता 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाची गोष्ट वाचतो आणि तिथून त्याचं आयुष्य वळतं. १८९९ च्या अखेरीस तो घर सोडतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, गया, कलकत्ता आणि शेवटी सिलोन. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि संस्कृत शिकायचं. अंगावर धड कपडे नाहीत, खिशात पैसा नाही, पण डोक्यात एकच. पुढं हाच माणूस फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवतो आणि मराठी माणसाला बुद्धाची ओळख करून देतो. मी 'निवेदन' दोन दिवसांत संपवलं. इतकं कमी बोलणारं आणि इतकं खरं आत्मचरित्र मराठीत थोडंच असेल.

पण घर सोडलं तेव्हा मागं बायको होती, बाळाबाई. आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी. कोसंबी हे लपवत नाहीत. संसार आपल्याला बेडीसारखा वाटत होता, हे ते सरळ सांगतात. तरी 'निवेदना'त बाळाबाई मला दिसतात त्या पाठमोऱ्याच. धनी परागंदा झालेल्या घरात तान्ह्या मुलीला घेऊन राहणाऱ्या बाईला गाव काय म्हणालं असेल? नातीनं, म्हणजे समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी, या पुस्तकाचं पुढं इंग्रजी भाषांतर केलं. बायकांची आयुष्यं अभ्यासण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांच्याच हातून हे काम झालं, याचं मला बरं वाटलं.

आता राहिलेल्या दोघी.

'स्मृतिचित्रे' मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, आणि शेवटी ठेवलं म्हणून ते मला वेगळं दिसलं. शाळेच्या पुस्तकातल्या धड्यामुळं आपण लक्ष्मीबाईंना विनोदी समजून बसलो आहोत. वडिलांचं सोवळं इतकं कडक की मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायची, हे वाचून हसायला येतंच. पण त्या सोवळ्याचं मूळ काय? लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या बंडात फाशी झाली होती. त्या धक्क्यातून घरात ते वेड शिरलं. म्हणजे ज्याला आपण धर्म म्हणून हसतो, ते एका घाबरलेल्या माणसाचं दुखणं होतं. धर्माच्या किती गोष्टी अशा असतात! एखाद्या पिढीला भीती बसते, ती भीती नियम होते, आणि तिसऱ्या पिढीला तो नियम देवानं सांगितला असं वाटू लागतं. आमच्याकडंही बायकांनी अमुक करू नये, तमुक ठिकाणी जाऊ नये, यातलं किती दीनमधून आलं आणि किती दंगलीच्या रात्रींमधून, हे कुणीतरी एकदा बसून निवडायला हवं.

नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं बायबलचा नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाजूनं पाहिलं तर सत्याचा शोध पुरा झाला. लक्ष्मीबाईंच्या बाजूनं पाहिलं तर नवरा जिवंत असताना संसार मोडला. लहान मुलाला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या, काही काळ पंढरपुरातही. माणसं दया दाखवायची, टोमणेही मारायची. पुढं चार-पाच वर्षांनी त्या नवऱ्याकडं आल्या, तरी आधी स्वतःचं सोवळं, स्वतःचं स्वयंपाकघर वेगळं ठेवून. आणि १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या.

हा बदल कसा झाला ते त्यांनी फार प्रामाणिकपणे लिहिलं आहे. टिळकांचा प्रवास ग्रंथांतून झाला. बाईंचा झाला पाण्याच्या तांब्यातून. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या हातचं खायचं, ही माणसं देवानं वेगळी केली की माणसानं, या प्रश्नाशी त्या किती दिवस झगडल्या. तो सुटला तेव्हा बाकीचं आपोआप सुटलं. नवऱ्यानं वाद घालून पटवलं म्हणून त्या गेल्या नाहीत. त्यांच्या त्यांनी पोचल्या, त्यांच्या वेगानं, त्यांच्या वाटेनं. कुराणात धर्माच्या बाबतीत सक्ती नाही असं सांगणारी जी आयत आहे, ती आम्ही सगळे भाषणांत वापरतो. एका घराच्या आत, नवरा-बायकोत, त्या आयतीचा अर्थ काय होतो हे मला एका ख्रिस्ती बाईच्या मराठी पुस्तकात नीट कळलं.

आणि हे झाल्यावर तरी बाईंची सुटका झाली का? टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही. आला की दिला. घर बाईंनी चालवायचं. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडून संन्यासाची वाट धरली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. म्हणजे पुन्हा निघाले! १९१९ ला ते गेले. बाईंनी त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं केलं आणि मग स्वतःची गोष्ट सांगितली. ती १९३४ ते १९३६ या काळात भागाभागानं पुस्तकरूपात आली, आणि १९३६ मध्येच बाई वारल्या. सगळ्या पुस्तकात टिळकांबद्दल राग आहे, थट्टा आहे आणि अपार प्रेम आहे. यातलं एक ठेवायचं म्हणून दुसरं काढलेलं नाही. नवऱ्याला संत करायचं नाही आणि खलनायकही करायचं नाही, हे फार थोड्यांना जमतं.

आमच्या स्टाफरूममध्ये मी हे पुस्तक वाचत बसले होते तेव्हा एका सहकारी बाईंनी विचारलं, "मॅडम, तुमच्यात असं कुणी लिहिलंय का हो?" प्रश्नात खोच नव्हती, खरंच विचारत होत्या. मी 'मी भरून पावले आहे'चं नाव सांगितलं. त्यांना हमीद दलवाई माहीत होते, मेहरुन्निसा माहीत नव्हत्या. त्याच आठवड्यात आमच्या मोहल्ल्यातल्या एका ओळखीच्या भाईंनी माझ्या पिशवीत ते पुस्तक पाहिलं आणि म्हणाले, "बाजी, ये किताब घर में नको रखो." त्यांनीही ते वाचलेलं नव्हतं. एकीला नाव माहीत नाही, एकाला फक्त नाव माहीत आहे. आपल्याकडं या पुस्तकाचं जे झालं ते या दोन वाक्यांत आलं.

पुस्तक १९९५ मधलं. पुण्यातल्या साध्या घरातली मुलगी, मिरजोळीच्या हमीद दलवाईंशी लग्न करते. आधी निकाह, आणि मग महिन्याभरानं विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी. ही दुसरी नोंदणी म्हणजे काय, हे त्या वेळच्या मुस्लिम घरात कुणाला समजावून सांगायचं? १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध सात मुस्लिम बायकांचा मोर्चा निघाला, त्यात मेहरुन्निसा होत्या. फक्त सात. त्या सातजणी संध्याकाळी ज्या गल्लीत, ज्या जिन्यानं घरी परतल्या असतील, ते दृश्य मला मोर्चापेक्षा मोठं वाटतं. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. नवरा गावोगाव सभा घेत फिरतो आहे, दगड खातो आहे, आणि इकडं नोकरी करून दोन मुलींसह घर चालवायचं आहे. मग आजारपण. ३ मे १९७७ ला, वयाच्या ४४ व्या वर्षी, मूत्रपिंडाच्या विकारानं हमीद दलवाई गेले. कोणताही धार्मिक विधी न करता दहन व्हावं, ही त्यांची इच्छा होती आणि तसंच झालं.

इथं मला थांबावंसं वाटतं. दलवाईंचे विचार पटणं न पटणं वेगळं. मला त्यांचे काही पटतात, काही पटत नाहीत. मी नमाज पढते, रोजे ठेवते, आणि अल्लाहवरचं माझं इमान या वाचनानं हललेलं नाही. पण मुसलमान घरात मयत झाल्यावर गुसल, कफन, जनाजा, माती, या क्रमाला किती आधार असतो हे ज्यानं घरचं माणूस पोचवलंय त्याला ठाऊक आहे. दुःखात काय करायचं हे त्या वेळी सुचत नसतं, म्हणून तर ते सगळं आधीच ठरलेलं असतं. तो आधार नाही, आणि आजूबाजूला बघणारे डोळे आहेत. अशा वेळी नवऱ्याच्या शब्दाला जागणं ही मला निष्ठाच वाटते. तिला धार्मिक म्हणायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. तलाकबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २२ ऑगस्ट २०१७ ला लागला. मेहरुन्निसा त्याच वर्षी जूनमध्ये गेल्या होत्या.

अशा पुस्तकांचा आपल्याकडं एक वेगळाच वापर होतो. मुहम्मद असद यांची गोष्ट आमच्या लोकांच्या व्हॉट्सअॅपवर फिरते ती विजयाची बातमी म्हणून: बघा, एवढा शिकलेला युरोपियन आपल्याकडं आला. हमीद दलवाईंचं नाव दुसऱ्या बाजूला फिरतं, तेही तसंच: बघा, त्यांच्यातलाच एक त्यांच्याबद्दल काय म्हणतो. दोन्हीकडं माणूस गायब आणि उरते फक्त मोजणी, आपल्याकडं किती आले आणि त्यांच्याकडून किती गेले. मुसलमानांशी ज्यांना काही घेणंदेणं नाही अशांनी दलवाईंना खांद्यावर घेतलेलं मी पाहिलं आहे. असद यांच्या भाषांतराच्या तळटिपा वाचल्या तर पहिल्या आक्षेप घेतील अशांनी त्यांच्या नावाचा जयजयकार केलेलाही पाहिला आहे.

म्हणून घरातल्या बायकांची पुस्तकं मला जास्त मोलाची वाटतात. ती अशी वापरायला कठीण जातात. लक्ष्मीबाईंचं पुस्तक हिंदूंच्या विरुद्ध वापरायला जावं तर त्यात माहेरच्या माणसांची माया आडवी येते, आणि ख्रिस्ती लोकांच्या विरुद्ध वापरावं तर टिळकांचं मोठेपण. माणसं जशी होती तशी लिहिली की पुस्तक कुणाचंच शस्त्र होत नाही.

आमच्या घरांतल्या कपाटांकडं पाहिलं तर धर्मावरची पुस्तकं भरपूर. कुराण शरीफ कापडात गुंडाळून सर्वांत वर. 'फजाइले आमाल', 'बहिश्ती जेवर', मसल्यांची पुस्तकं, दुआंची पुस्तकं. 'बहिश्ती जेवर' तर मुलीच्या लग्नात जहेजमध्ये द्यायची पद्धत होती. बाईनं कसं वागावं हे सांगणारी पुस्तकं एवढी. बाई कशी जगली हे सांगणारी? जंजिऱ्याच्या नाझली बेगमनी १९०८ च्या युरोप प्रवासाचं उर्दूत लिहिलं, त्यांच्या भगिनी अतिया फैजींनी लंडनच्या शिक्षणाचा रोजनामचा लिहिला. त्या बेगमा होत्या, त्यांच्या हाती दौत-लेखणी होती. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. तेव्हापासून मराठीत आमच्या लोकांनी कथा लिहिल्या, कविता लिहिल्या, समीक्षा लिहिली. पुण्याच्या सय्यदभाईंनी 'दगडावरची पेरणी' हे फार चांगलं आत्मकथन लिहिलं. बहिणीला, खतिजाला, मिळालेल्या तोंडी तलाकनं त्यांचं आयुष्य बदलून टाकलं. भावानं बहिणीचं दुःख आयुष्यभर उचललं, ही लहान गोष्ट नाही. पण खतिजाचं पुस्तक अजून यायचंय. आमच्या सगळ्या खतिजांची पुस्तकं यायचीत.

माझी एक खाला आहे. खालू दरसाल चाळीस दिवसांच्या चिल्ल्याला जायचे. दीनच्या कामाला जातात म्हणून सगळीकडून मान. खालाकडं त्या चाळीस दिवसांत पिको-फॉलचं मशीन, तीन मुलं आणि किराणा दुकानाची वही. तिनं कधी खालूंच्या जाण्याला वाईट म्हटलं नाही. "अल्ला के काम कूच गए ना," एवढंच. त्या वाक्यात तिचा विश्वासही आहे आणि थकवाही. खालूंचा सवाब कुठं लिहिला जातो ते आलिम लोक सांगतात. तिनं चालवलेल्या मशीनचा सवाब कुठं लिहिला जातो, हे कधी कुणी तकरीरीत सांगितलेलं मी ऐकलं नाही.

आणि एक मुमानी आहे. तिचा मुलगा नमाज-रोजा सोडून बसलाय. तसं तो तोंडानं म्हणत नाही. रमजानमध्ये घरी आला की मुमानी त्याला सहरीला उठवते, तो पोटभर खातो आणि झोपतो. दुपारी त्याच्या खोलीचं दार ती ओढून घेते, कुणी बघू नये म्हणून. इफ्तारीला त्याच्यापुढं पहिला खजूर ठेवते. विचारत काहीच नाही. स्वतः मात्र रात्री उशिरापर्यंत दुआ मागत बसते. या बाईचं इमान कमी म्हणायचं की जास्त? मसल्याच्या कुठल्या पुस्तकात या ओढलेल्या दाराचा मसला आहे? तो कुणीतरी लिहायला हवा आणि ती स्वतः सोडून दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही मला हलके वाटत नाहीत. पहिला घरचा: घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर का मांडायच्या? दुसऱ्याचा ऐब झाकणं हीच नेकी. खरं आहे. पण 'स्मृतिचित्रे' वाचून टिळकांची बेअब्रू झाली का? उलट तो माणूस आपल्याला जिवंत भेटला. ऐब उघडा करणं आणि माणूस उघडा करणं यात फरक आहे, आणि घरच्या बाईला तो फरक इतर कुणाहीपेक्षा जास्त कळतो.

दुसरा आक्षेप बाहेरच्या हवेचा: सध्याच्या दिवसांत मुसलमान बाईनं घरातलं दुखणं लिहिलं की उद्या ते वाक्य कापून कुणाच्या तरी पोस्टवर चढतं. याची भीती मलाही वाटते. वरचा खालाचा परिच्छेद लिहिताना मी तो दोनदा पुसला होता. तरी ठेवला, कारण आपण गप्प राहिलो म्हणून आपल्याबद्दल लिहिणारे गप्प राहिलेले नाहीत. ते लिहितच आहेत. खालाला कधी न भेटलेली माणसं खालाबद्दल लिहितात, एक बाजू तिला पीडित म्हणून आणि दुसरी जन्नतची हकदार म्हणून. तिच्या मशीनचा आवाज दोघांच्याही लिखाणात नाही.

लक्ष्मीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांकडून. त्यामुळं 'आम्हाला कुठं लिहिता येतं' ही सबब चालणार नाही. आता तर लिहावंही लागत नाही. फोन समोर ठेवून बोलायचं. मी खालाला विचारलं आहे. ती हसली, म्हणाली, "मेरा क्या है बोलने सरीका?" मग भाजी निवडता निवडता पाऊण तास बोलली. पहिल्या चिल्ल्याच्या वेळी मधला मुलगा तापानं फणफणला होता आणि हातात पैसे नव्हते, तेव्हा शेजारच्या जोशीकाकूंनी न विचारता डॉक्टरला बोलावलं होतं, इथपर्यंत आलो आहोत. पुढचं पुढच्या जुम्म्याला.